खुर्चीचं गाणं

सोनमच्या अल्बममध्ये सात गाणी होती आणि सातव्या गाण्यावरून घरात भांडण होतं.

बाकीच्या सहांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पॅकिंगच्या बायकांवर एक, ठेकेदाराच्या गोड बोलण्यावर एक, सिल्वासाच्या आमली भागातल्या चाळीच्या नळावर एक, अशी ती गाणी. सोनम दिवसा प्लास्टिकच्या कारखान्यात डब्यांना झाकणं लावायची आणि संध्याकाळी घरी येऊन रॅप लिहायची. प्रथमेश नावाचा तिचा मित्र लॅपटॉपवर बीट बनवायचा. पाठीशी कुठली म्युझिक कंपनी नाही की कुणी पैसेवाला नाही. माइक उसना आणलेला आणि बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खोलीच्या भिंतींना आईच्या गोधड्या टांगलेल्या. सोनमची आई कावेरी नळाचं गाणं ऐकून इतकी खूश झाली, की तिने स्वतःहून आणखी दोन तक्रारी सुचवल्या.

सातवं गाणं मात्र बापावर होतं. नथू शेजारच्याच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता आणि त्या गेटवर वॉचमनला खुर्ची नव्हती. बसला की डोळा लागतो, असं शेठचं मत. शेठ स्वतः दिवसभर बसून असायचा, त्याचा डोळा लागतो का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सोनमने विचारलं, तेही यमक जुळवून.

"हाई गानं बाहेर काढानं नही," नथूने त्याच्या अहिराणीत बजावलं.

"नोकरी जाईल म्हणून घाबरता का, पप्पा?"

"नोकरी गई त दुसरी भेटी. गावाले काय तोंड दाखाडू?"

तेव्हा कुठे खरी गोम सोनमला कळली. शिरपूरकडच्या गावी नथूने सांगून ठेवलं होतं, की सिल्वासात त्याला केबिन आहे, डोक्यावर पंखा आहे आणि बुडाखाली फिरती खुर्ची आहे. त्या खुर्चीच्या जोरावर तो गावच्या लग्नकार्यांत इतकी वर्षं मान मिळवत आला होता. आता लेकीच्या एका गाण्याने ती खुर्ची खालून ओढली जाणार होती. सोनमला हसू आलं, पण तिने ते दाबलं.

"तुम्ही हो म्हणाल तरच म्हणेन," तिने शब्द दिला. "नाहीतर सहाच गाण्यांचा अल्बम."

शब्द दिला खरा, पण जीव त्या सातव्यातच अडकला होता. सगळ्यांत चांगलं गाणं तेच आहे, हे तिलाही ठाऊक होतं आणि प्रथमेशलाही.

रविवारी संध्याकाळी चाळीमागच्या मोकळ्या जागेत अल्बमचा कार्यक्रम ठेवला. मंडपवाल्या वाल्मिकभाऊंनी लाल प्लास्टिकच्या खुर्च्या फुकट दिल्या, कारण नळाच्या गाण्यात त्यांच्या बायकोचंही म्हणणं आलं होतं. बायका आल्या, पोरंटोरं आली आणि ड्युटी सुटलेले वॉचमनही आले, थेट पलीकडच्या अथाल गावापासून. खुर्चीवर गाणं आहे, ही बातमी या गेटावरून त्या गेटावर फिरली होती. पण गंमत अशी, की पुढच्या दोन रांगा रिकाम्या आणि वॉचमन सगळे मागे भिंतीला लागून उभे, हात पाठीशी बांधून.

सहा गाणी दणक्यात झाली. नथूचा पत्ता नव्हता.

"काका, पुढे येऊन बसा ना!" सोनमने माइकवरून हाक मारली.

"ऱ्हाऊ दे बेटा," पिकल्या मिशांचा एक म्हातारा वॉचमन ओरडला, "बठानी सवयच मोडी गई!"

सगळे हसले. सोनमही हसली. तेवढ्यात त्या उभ्या रांगेच्या टोकाला तिला नथू दिसला. ड्युटीवरून तडक आलेला, अंगात गणवेश, गळ्यात शिट्टी. तोही हात पाठीशी बांधून उभा. कधीपासून, कोण जाणे.

"पप्पा, सहावरच थांबते," ती माइकमध्ये म्हणाली. दिलेला शब्द मोडायची तिची तयारी नव्हती.

नथूने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग तो रांगेतून निघाला, सगळ्यांच्या देखत पुढे आला, रुमालाने पहिल्या रांगेतली एक खुर्ची झटकली आणि बसला.

"सगळाच उभा शेतस," तो म्हणाला, "मंग मी एकलाच काबर लाजू? म्हन तुनं गानं. गावाले बी ऐकू दे."

मग त्याला मागच्यांची आठवण झाली. मान वळवून त्याने शिट्टी फुंकली आणि गेटातून ट्रक आत घेताना करायचा तसा हात हलवला. "आने दो! आने दो! और आने दो!" शिट्टीपुढे वॉचमनांचं काय चालणार? एकेक जण कुरकुरत, हसत पुढे सरकला आणि रांगा भरल्या.

प्रथमेशने बीट सोडला. सोनमने दम घेतला.

"गेट तुमचं, शेड तुमची, माल तुमचा, शेठ,
बाप माझा उभा का हो, सांगा मला थेट!"

या ओळी दुसऱ्यांदा आल्या तेव्हा कुणालाच राहवेना. पिकल्या मिशांचा म्हातारा उठला, कावेरी उठली, खुर्च्या बाजूला सारून सगळे नाचायला लागले. बसण्याच्या गाण्यावर एकही माणूस बसून राहिला नाही.

एक सोडून. नथू पाठ टेकून, पायावर पाय टाकून बसला होता आणि टाचेने ताल धरत होता. गाणं संपलं, टाळ्या संपल्या, माणसं पांगली. वाल्मिकभाऊ खुर्च्या गोळा करत करत त्याच्यापाशी आले.

"नथूभाऊ, उठायचं ना?"

"बाकीन्या लई जा, भो," नथू म्हणाला. "ही ऱ्हाऊ दे."