ओली काच

माझे वडील, जोसाया विटकम, सूर्याचे फोटो काढत. इंग्लंडातल्या आमच्या केंटमध्ये सूर्य दिसणं हेच मुळात नवल, त्यामुळे तो दिसला की घरातलं बाकी सगळं थांबायचं. दुर्बीण त्यांची, नाव त्यांचं. फोटो ज्यावर उमटायचा त्या काचेवर औषध ओतायचं आणि फोटो घेतल्यावर ती ओली आहे तोवर जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत धुवायची, हे माझ्या गळ्यात. एकदा मोलकरणीने मध्येच दार उघडून काच नासवली, तेव्हापासून बाबा बाहेरून कडी घालत.

त्या दिवशी माझा होणारा नवरा एडमंड लार्कबी मला न्यायला येणार होता. दक्षिण आफ्रिकेत केपला जाणारं आमचं जहाज दुसऱ्या दिवशी सुटायचं होतं. मी टोपी घालून तयार होते, आणि नेमका तेव्हाच मेला सूर्य ढगांतून बाहेर आला.

"एकच काच, थर्झा," बाबा म्हणाले. "सूर्यावर एवढा मोठा डाग पुन्हा दिसायचा नाही."

फोटो झाला. काच घेऊन मी टोपीसकट आत गेले, मागे कडी पडली. थोड्याच वेळात गाडीची चाकं वाजली.

"ती कामात आहे," बाबांचा आवाज.

मी दारावर थाप मारली. "एडमंड! कडी काढ. मी येतेय."

पावलं दाराशी आली. "काच धुऊन झाली?"

"नाही. काढ ना कडी!"

"वेडी का तू? उजेड शिरला तर मातेरं होईल सगळं." फोटोचा नाद त्यालाही होताच.

"आपली ट्रेन चुकेल!"

"मग हात चालव की. डागाच्या कडा नीट आल्यात का गं?"

बाबा खूश होऊन हसले. "जावई शोभतोस हो माझा!"

औषधाच्या वासाने माझा जीव गुदमरला. केपला तर रोजच ऊन असतं, म्हणजे रोजच काच.

मी काच फरशीवर आपटली.

"आता काच नाही," मी ओरडले. "उघडा!"

दार उघडलं. दोघेही मला बाजूला सारून आत घुसले आणि गुडघ्यांवर बसले.

"हा उलटा पडलेला तुकडा वाचेल, याला उजेड लागला नाही," एडमंड म्हणाला. "थर्झा, दार लाव, लवकर!"

मी बाहेर येऊन लावलं. कडीही घातली.

गाडीवानाने विचारलं, "लार्कबीसाहेब कुठेत?"

"कामात आहेत," मी म्हणाले. "स्टेशनवर चल."