ओढ्यातली कोनशिला

"घसरलीस ना पुन्हा? घसर! सख्ख्या भावाच्या पुलावरून चाललीस, पाय जपून कशाला टाकशील?"

काठावरून लोहारीण ओरडत होती आणि ओढ्यात बसकण मारलेली आक्का एक किटली छातीशी धरून दुसरी वाहत चाललेली बघत होती. झाकण केव्हाच निघालं होतं. गढूळ पाण्यात दुधाचा पांढरा पट्टा पसरला आणि बघता बघता विरून गेला. त्यातलं निम्मं दूध लोहारणीचं होतं.

वस्तीतल्या चार घरांचं दूध आक्का पलीकडच्या सडकेवर डेअरीच्या गाडीपर्यंत पोचवायची. ओढ्याच्या मधोमध एक खळगा होता आणि पाय नेमका तिथंच फसायचा. गाडीवाला कुणाच्या बापासाठी थांबत नसे. असंच चाललं तर तुमच्या वस्तीचं दूध बंद, असं त्यानं कालच बजावलं होतं.

"तू म्हणालीस म्हणून आम्ही मतं दिली," लोहारणीच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. "दारोदार फिरलीस. माझा भाऊ आहे, माझ्या शब्दावर द्या म्हणालीस. कुठंय तुझा शब्द? गेला वाहून?"

आक्का किटली सावरत उठली. बाईचं एक अक्षरही खोटं नव्हतं.

हा भाऊ म्हणजे बारक्या. आता अंगानं चांगला सुटला होता, लोक साहेब म्हणायचे. आक्काच्या तोंडी मात्र बारक्याच. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानंच त्याला वाढवलं. शाळा पलीकडे. पावसाळ्यात याच ओढ्यातून ती त्याला पाठीवर घेऊन जायची, आणि त्यात तिची स्वतःची शाळा सुटली ती सुटलीच. तिच्या मानेला गच्च धरून तो म्हणायचा, "आक्का, मी मोठा झालो ना, की इथं पूल बांधीन." पुढे निवडणुकीच्या सभेत तो तेच बोलला आणि आक्का डोळे पुसत घरोघर फिरली. निवडून आल्यावर काठावर वाजतगाजत कोनशिला बसली. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्यानंतर तिथं फिरकली ती फक्त गुरं. फोन केला की कुणीतरी सांगायचं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. सख्ख्या बहिणीला! परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या हासडून ती मोकळी झाली असती. आपल्या माणसाचं कुणाजवळ बोलणार? वरून पैसे अडले असतील, ठेकेदार पळाला असेल, अशी मनाची समजूत घालत ती दिवस काढत होती.

दुपारी ती गवंड्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पहार घे आणि चल. तू बसवलेली कोनशिला काढायचीय."

गवंडी दचकला. "आक्का, साहेबांचं नाव आहे तिच्यावर! पोलीस येतील."

"येऊ देत की. ओढा ओलांडूनच येतील ना?"

गवंड्याला हसू आवरेना. त्यानं पहार उचलली. जाडजूड काळी शिळा, पण दोन हिसक्यांत सुटली. आक्का बघतच राहिली.

"इतकी कच्ची बसवली होतीस?"

गवंड्यानं मान खाली घातली. "सिमेंट मागितलं होतं मी. कशाला, म्हणाले. भाषण संपेपर्यंत उभी राहिली म्हणजे झालं."

"कोण म्हणालं? ठेकेदार?"

"साहेबच."

म्हणजे बारक्याला त्या दिवशीच ठाऊक होतं. टाळ्या वाजवताना ती पुढच्या रांगेत होती आणि तो तिच्याकडे बघून हसला होता. आक्कानं पदर खोचला.

शिळा ओढत ओढत पाण्यात नेली. लोहारीण मजा बघायला आली होती, तिनंही मुकाट्यानं हात लावला. खळग्यात दगड रचून गवंड्यानं विचारलं, "पालथी टाकू?"

"नको. अक्षरं वर राहू देत. पाय घसरायचा नाही."

त्या दिवसापासून दूध सांडलं नाही.

पुढे निवडणूक लागली. पाऊस उघडला होता, पाणी निवळलं होतं. एका सकाळी आक्का किटल्या घेऊन निघाली तर पलीकडे गाड्या येऊन थांबल्या. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला बारक्या उतरला आणि तिथूनच त्यानं हात जोडले.

"आक्का! यंदा पूल नक्की. तू फक्त माझ्याबरोबर चार घरं फिर. लोक तुझं ऐकतात."

"मग ये की अलीकडे. लोक इथंच आहेत."

तो ओढ्यातल्या दगडांवरून झपाझप निघाला आणि मध्येच थबकला. नितळ पाण्याखाली त्याचंच नाव होतं.

"आक्का, हे... हे माझं नाव आहे."

"हो. ठेव पाय. आम्ही रोज ठेवतो. तुझं तेवढंच आमच्या उपयोगी पडलं."

काठावर लोहारीणही हसली नाही. बारक्या नाव चुकवायला बाजूला सरला आणि उरलेल्या खळग्यात कमरेपर्यंत पाण्यात गेला.

"आक्का, हात दे!"

आवाज तोच, पाठीवरच्या पोराचा. एक पाऊल आक्कानं झटकन पुढे टाकलंही. पण दोन्ही हातांत किटल्या होत्या, आणि पलीकडे डेअरीच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.

शिळेवर येऊन तिनं पाय घट्ट रोवला. "बुडण्याइतकं पाणी नाही, बारक्या. आम्ही इतकी वर्षं यातूनच गेलो. आता बाजूला हो, गाडी सुटेल."

तो बाजूला झाला. आक्का पुढे निघाली. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.