तोफखान्यातला डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पण मित्रांनो, 'जुना' म्हणताना जरा अदबीने म्हणा. माझी चाकरी तोफखान्यात झाली आहे.

म्हणजे, तोफखान्याच्या शेजारी. देवळाली कॅम्पात सहादू जवानांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता. उन्हाळ्यात त्याची बायको लताबाई टोमॅटोच्या पातळ चकत्या जुन्या लुगड्यावर वाळवी. त्या पापडासारख्या कडक झाल्या की दळून, चाळून ती लालबुंद पूड माझ्या पोटात येई. पावसाळ्यात भल्याभल्या डब्यांतल्या पुडीचे गोळे होतात. माझ्या कधी झाले नाहीत. सरावाची तोफ धडाडली की फळी हादरे, मी उडी मारी आणि पूड मोकळी होई. एकदा तर मी उडून थेट कढईवर गेलो, आमटीत चिमूटभर पूड टाकली आणि परत जागेवर येऊन बसलो. कोणी पाहिलं नाही, म्हणून काय ते खोटं?

पुढे लताबाई गेली. तिच्या हातची शेवटची पूड घेऊन सहादू आणि मी शहरात, द्वारका चौकाजवळ, मुलाच्या फ्लॅटमध्ये आलो. तिथे तोफा कुठल्या? पहिल्याच पावसाळ्यात पुडीचा दगड झाला. सून अंजलीने चमचा खुपसला, तर चमचाच वाकला.

"बाबा, हा डबा आता भंगारात देते. आणि आज आई येतेय लासलगावहून. तिला सार खाऊ घालायचं तुम्हीच कबूल केलंय. बाजारात टोमॅटो नाहीत."

"त्याच्याबरोबर मलाही दे भंगारात," सहादू म्हणाला. "पण तासाभराने."

मला मांडीवर घेऊन तो ओळखीच्या सोमनाथच्या रिक्षात बसला. "सोमनाथ, जेवढे गतिरोधक असतील तेवढ्यांवरून ने. हळू करायचं नाही."

"बाबा, मणका नंतर लागणार नाही ना तुम्हाला?"

तिसऱ्या गतिरोधकावर माझ्या पोटात कडाड वाजलं. घरी येईपर्यंत पूड पिठासारखी भुरभुरीत झाली होती.

सहादूने ती कोमट पाण्यात कालवली, जिऱ्या-लसणाची फोडणी दिली, गुळाचा खडा टाकला. विहीणबाई अंबूबाईंनी वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली.

"सहादूभाऊ, टोमॅटो आणले कुठून? आमच्याकडं तर कांद्याबिगर काय दिसंना."

"लताने ठेवले होते," सहादू म्हणाला.

अंजलीने मला कोरड्या फडक्याने पुसलं आणि नवी जागा दिली.

मित्रांनो, डब्यात ओला चमचा घालू नका, झाकण घट्ट लावा, आणि आम्हा जुन्यांना अधूनमधून हलवत जा. माझी तर आता सोय झाली आहे. मी वॉशिंग मशीनवर असतो. ते कपडे पिळायला लागलं की मी सावधान उभा राहतो.