काठोकाठ भरलेली बॅटरी

मी चाकाच्या खुर्चीची एक जुनी बॅटरी आहे. मित्रांनो, सध्या मी दुरुस्तीवाल्याच्या फळीवर फुगून पडले आहे.

माझ्या पोटात एका पत्र्यावर ग्राफाइटचा थर आहे, दुसऱ्यावर धातूच्या ऑक्साइडचा. चार्जर लावला की लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटमध्ये शिरतात. खुर्ची चालली की ते आतूनच परततात. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारेने जातात आणि जाता जाता मोटर फिरवतात. ही ये-जा हेच माझं जगणं.

खुर्ची आजोबांची. त्यांचा जन्म छापखान्यात गेला होता. सुरुवातीला आम्ही खूप हिंडलो. मग सूनबाईंना धास्ती वाटू लागली.

"बाबा, उगाच चकरा नका मारू. बॅटरी झिजेल. अडीअडचणीला हवी ना?"

"मीही झिजतोच आहे की. मलाही लाव चार्जरला."

सूनबाई हसल्या, पण खुर्ची शेगडीजवळच्या भिंतीला लागली आणि चार्जर कायमचा लागला. मायेनंच. सतत भरलेलं राहणं आणि वर ऊब, दोन्ही मला बाधतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आतला द्रव ग्राफाइटवर साय धरू लागला. तिच्यात अडकलेलं लिथियम परत येत नाही. मी आतून लहान होत गेले. खुर्चीवरचे चार्ज दाखवणारे दिवे मात्र सगळे लागायचे. पेला लहान झाला तरी काठोकाठ भरतोच.

एक दिवस निरोप आला की छापखाना बंद झाला, संध्याकाळी यंत्रं उचलणार. आजोबांना आपल्या यंत्रावर एकदा हात ठेवायचा होता. सूनबाईंनी स्वतः चार्जर काढला.

पुलाच्या चढावर मी संपले. सूनबाई जीव खाऊन ढकलत राहिल्या, पण खुर्ची जड होती. तेवढ्यात समोरून ट्रक आला. ताडपत्रीखालून एक मोठं चाक डोकावत होतं. आजोबांनी ओळखलं, ते त्यांच्याच यंत्राचं होतं. त्यांनी हात उचलला. ट्रक निघून गेला.

"बाबा, सगळे दिवे लागले होते हो."

"तू जपलीसच गं," आजोबा म्हणाले. "जरा जास्तच."

नवी बॅटरी घेताना सूनबाईंनी दुरुस्तीवाल्याला विचारलं, "रोज चालवली तर चालेल?"

"चालवायलाच हवी."

"बाबा आता कुठं जायचंच नाही म्हणतात," त्या हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, आम्हाला नुसतं ठेवायचंच असेल तर निम्मं भरून थंड जागी ठेवा. आणि घरात कुणाला बाहेर जायचं असेल, तर त्यांना आजच घेऊन जा.