कोलू कसा होता?

दादाजी गुरुजींकडे लोक दोनच कामांसाठी येत. एक म्हणजे तहसीलचा अर्ज लिहून घ्यायला, आणि दुसरं नवीन पोराचं नाव विचारायला. अर्ज ते नाक मुरडत लिहीत, पण नावाचा विषय निघाला की त्यांची कळी खुलत असे. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत हजेरी घेतलेला माणूस, हजारभर पोरं हाताखालून गेलेली. त्यातून त्यांनी नावांचं एक शास्त्रच तयार केलं होतं आणि पंचांगापेक्षा त्यावर त्यांचा जास्त भरवसा होता.

मारोती नावाचा मुलगा, ते सांगत, हाडापेरानं दणकट आणि सांगकाम्या. टेबल उचल म्हटलं की उचलणार, कुठं ठेवायचं ते विचारणार नाही, धरूनच उभा राहणार. नामदेव मवाळ, पण पाटी कुठं ठेवली ते त्याला कधी आठवायचं नाही. पुंडलिक आधी आईच्या पदराला धरून, लग्नानंतर बायकोच्या. वासुदेवाला बोलायला लागतं, ऐकणारा असो की नसो. आणि केशव नावाची सात पोरं त्यांनी शिकवली होती, सातही जणांचं अक्षर मोत्यासारखं. "खोटं वाटत असन तर पाहून घ्या," असं म्हणून ते समोरच्याचं तोंड बंद करत. आता सात केशव शोधत कोण फिरणार?

"अन् दादाजी नावाचे कसे असतेत?" मीराबाई, म्हणजे गुरुजींची बायको, आतून विचारी. "पाळण्यातच दादाजी म्हटल्यावर लहान कवा होणार ते? जलमल्यापासून दुसऱ्याले शिकवूनच राह्यले." गुरुजींना ते ऐकू येत नसे, किंवा येत असलं तरी ते दाखवत नसत.

मार्कंड्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावात धान घरात येऊन पडलं होतं आणि लोक जरा निवांत झाले होते. अशाच एका दुपारी एक बाई दारात उभी राहिली. पन्नाशीची, काटक, पायात धुळीनं लाल झालेल्या चपला. एटापल्लीच्या पुढच्या टोल्यावरून, जंगलातल्या एका लहानशा वस्तीवरून, ती दोन एसट्या बदलून आली होती. नाव सुकरी, तिनं सांगितलं.

"दादाजी गुरुजी तुमीच का?"

"मीच. कायचा अर्ज हाये?"

"अर्ज नाई. नाव हाये."

गुरुजींनी लगेच खुर्ची पुढे केली. मीराबाईंनी पाणी आणलं, चहा टाकला.

"पोरगा का पोरगी?"

"पोरगा. नातू. बारा दिवसाचा झाला."

"काय नाव हाये मनात?"

"कोलू."

गुरुजी हसले. अडवायच्या आधीच हसू बाहेर पडलं, असं ते झालं. "नको बाई. दुसरं कायबी ठेव. कोलू नावाचे पोट्टे मंद असतेत. अनुभवाचं सांगतो."

सुकरीनं चहाची बशी खाली ठेवली. "किती कोलू पायले तुमी?"

हा प्रश्न गुरुजींना आजवर कुणी विचारला नव्हता. लोक नाव घेऊन जात, नाहीतर बदलून जात. गुरुजींनी डोळे मिटून हिशेब मांडला. मारोती असे चौदा-पंधरा सहज निघाले असते.

"एक," ते म्हणाले.

"तो माझा घरवाला होता."

आत मीराबाईंच्या हातातली पळी थांबली.

गुरुजींना सगळं आठवायला थोडा वेळ लागला. त्यांची पहिली नेमणूक. ते स्वतः कोरपन्याकडच्या काळ्या रानातला, कापसातला मुलगा, वय बावीस, हातात नवी पेटी, आणि एसटी संपल्यावर जंगलातली तीन तासांची पायपीट. एका खोलीची शाळा, अकरा पोरं. त्यात आठ वर्षांचा कोलू, खांबाला टेकून बसायचा. वर्षभर तो एक अक्षर बोलला नाही. नाव विचारलं तरी गप्प, अंक विचारला तरी गप्प. एकदा छडी दिली, तेव्हा हात मागे घेतला, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. वर्षाच्या शेवटी गुरुजींनी त्याच्या नावापुढे शेरा लिहिला: मंद. पुढच्या वर्षी बदली झाली आणि शाळा, टोला, खांब सगळं मागे राहिलं.

कोलू हे नाव मात्र ते सोबत घेऊन आले होते. नव्या शाळेत कुणी गणितात अडलं की गुरुजी म्हणत, "काय रे, कोलू झाला का?" पोरं हसत. पोरांना असलं काही शिकवावं लागत नाही. ती मोठी झाली. कुणी मास्तर झालं, कुणी दुकानदार, कुणी कंडक्टर. तो शब्द चौदा गावांत गेला. गाडी बंद पडली की ड्रायव्हर कोलू, वरण करपलं की सून कोलू. हळूहळू त्या शब्दामागे कधी एक पोरगं होतं हेच गुरुजींच्या डोक्यातून गेलं.

"तो आखाडात गेला," सुकरी सांगू लागली. "ताप आला अन् चार दिवसांत गेला. मंग हा पोरगा झाला. आमच्या घरची रीत अशी हाये, का लेकरू रडून राह्यलं तं घरच्या गेलेल्या मानसांची नावं एकेक करून त्याच्या कानात घ्याची. ज्या नावाले थांबन, तो मानूस वापस आला. हा कोलू म्हटल्यावर थांबला. दोनदा घेतलं, दोन्ही डाव थांबला."

"मंग ठेवा की," गुरुजी पुटपुटले.

"माझा दिनेश नाई म्हणते. तो जीप चालवते एटापल्लीले. म्हणते, दहा वर्षं शाळेत बापाचं नाव सांगाले लाजलो, आता पोराच्या मंगं तेच नाई लावत. रविवारी नाव ठेवाचं हाये. दुसरं नाव ठेवलं तं..." ती थांबली. "आलेल्या मानसाले त्याच्या नावानं हाक नाई मारली, तं तो काऊन राहीन घरात?"

गुरुजींना वाटलं, आता ही भांडेल. त्यांनी तयारीही केली. पण सुकरीच्या तोंडावर राग नव्हताच. ती त्यांच्याकडे निरखून पाहत होती, जणू बाजारात कधी न पाहिलेलं फळ ठेवलंय आणि ते कसं लागतं ते तिला विचारायचंय.

"मी भांडाले नाई आली गुरुजी. मले फक्त विचाराचं हाये. मी पस्तीस वर्षं त्याच्यासंग राह्यली, मले तं तो कवा मंद नाई दिसला. तुमी शिकलेले. मले नाई दिसलं असं तुमाले काय दिसलं, तेवढं सांगा."

"तो बोलत नव्हता," गुरुजी म्हणाले.

सुकरीनं आधी ऐकून घेतलं. मग तिला हसू फुटलं. पदर तोंडावर धरला तरी आवरेना, डोळ्यांत पाणी आलं. "कोलू? बोलत नव्हता? अहो, तो झोपेत बी बोले! मले म्हणा लागे, आता सकाळी सांगजो." डोळे पुसून तिनं विचारलं, "तुमी कोन्त्या भाषेत विचारत होते त्याले?"

"मराठीत."

"मंग बरोबर हाये." कोडं सुटल्यासारखी ती उठली. "मराठी तं त्याले बांबूच्या कामावर गेल्यावर आली. मोठा होता तवा." दारात चपला घालताना ती म्हणाली, "रविवारी या. दिनेश माझं आयकत नाई. तुमचं आयकन. आतापर्यंत त्यानं तुमचंच आयकलं हाये."

ती गेल्यावर गुरुजी बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. त्यांना लाज वाटत होती, सरळ सांगायचं तर मान वर करवत नव्हती. आणि त्या लाजेइतकीच एक उत्सुकताही होती, जी त्यांना स्वतःलाच विचित्र वाटत होती. झोपेत बोलणारा हा माणूस होता तरी कसा? हजार पोरांचे स्वभाव त्यांना तोंडपाठ होते आणि ज्याच्या नावावर त्यांनी आयुष्यभर लोकांना हसवलं त्याच्याबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"जाणार ना?" मीराबाईंनी विचारलं.

"जाच लागन."

रविवारी त्यांचा पुतण्या रोशन त्यांना मोटारसायकलवरून घेऊन गेला. रोशनचं मोबाईलचं दुकान होतं, तिशीचा गडी, हसायला कारण लागत नसे. सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक अंगावर येत होते, आणि टोल्यावर पोचेपर्यंत गुरुजींचा पांढरा शर्ट लाल झाला होता. अंगणात चाळीसेक माणसं जमली होती. "सेवा जोहार," कुणीतरी हात जोडून म्हणालं. दिनेशनं खुर्ची दिली, पाणी दिलं, पण नजर दिली नाही. त्याची बायको करिश्मा बाळाला घेऊन दाराशी बसली होती.

गुरुजी उभे राहिले. बोलायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "मी इथी मास्तर म्हणून आलो तवा मले गोंडी येत नव्हती. कोलूले मराठी येत नव्हती. तो आठ वर्षाचा होता, मी बावीसचा. शिकाचं होतं ते मले. मी नाई शिकलो, अन् शेरा त्याच्या नावावर मारला." लोक शांतपणे ऐकत होते. गुरुजींना धीर आला. पण भाषणाचा शेवट टाळीवर करायची खोड छत्तीस वर्षांची, ती आयत्या वेळी कुठं जाणार? हात उंचावून ते म्हणाले, "खरं सांगतो, त्या वर्गात खरा कोलू मीच होतो!"

रोशन फस्सकन हसला. मागची दोन पोरंही हसली. गुरुजींना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांचं लक्ष दिनेशकडे गेलं.

तो चिडला नव्हता, थकल्यासारखा दिसत होता. "पायलं का माय?" तो सुकरीला म्हणाला. "माफी मांगतानी बी याहिले हेच नाव सापडलं."

गुरुजी खाली बसले. आपण काय बोललो ते त्यांना आता ऐकू आलं, आणि ते परत घेता येण्यासारखं नव्हतं. चाळीस माणसं पाहत होती. शिकवण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं.

"कसा होता कोलू? मले माईत नाई. सांगा."

पत्रू नावाचा एक म्हातारा खाकरला. "बैल घ्याले गेला होता बाजारात," तो म्हणाला. "दिवसभर भाव करत बसला. सांजेले आला तं बैल नाई. पुतण्यासाठी पोरगी ठरवून आला." अंगण हसलं, पण हे हसू निराळं होतं, घरातलं. एका बाईनं सांगितलं, तिचा नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा कोलू रोज येऊन गावची बातमी सांगे. कधी बातमी नसली तर बनवून सांगे. दाराशी बसलेली करिश्मा मान खाली घालून म्हणाली, "मी पयल्या दिवशी भाजी जाळली. सासरे गावभर सांगत फिरले, का आमच्या घरी जळकीच खातेत, सुनेले बरोब्बर समजलं."

गुरुजी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. असा माणूस आपल्याला भेटला असता तर संध्याकाळ कशी गेली असती, असं त्यांच्या मनात येत होतं.

"मी सांगतो एक," दिनेश म्हणाला. "मी पाचवीत होतो. बापाले सांगितलं, का तुझ्या नावावर सगळे हसतेत, दादाजी गुरुजीपासून आलं म्हणतेत. मले वाटलं चिडन, शाळेत येईन. तो खूश झाला. म्हणे, येवढी वर्षं झाली, गुरुजीनं मले याद ठेवलं! मंग टोलाभर सांगत फिरला." त्यानं पहिल्यांदा गुरुजींच्या डोळ्यांत पाहिलं. "खरं होतं का गुरुजी? होता का तो याद?"

हो म्हणणं सोपं होतं. सुकरी पाहत होती, पत्रू पाहत होता, एका 'हो'नं सगळ्यांचं भलं झालं असतं. मेलेल्याचाही मान राहिला असता.

"नाई," गुरुजी म्हणाले. "मी विसरलो होतो. नाव तेवढं तोंडात राह्यलं होतं, मानूस नाई."

"मंग माझ्या पोराचं काय होईन?" दिनेशनं विचारलं. "सहा वर्षांनी शाळेत जाईन. हजेरीत नाव आलं का पोट्टे हसतीन. तवा तुमी असान का?"

गुरुजी सत्तरीचे होते. "सांगता येत नाई," ते म्हणाले. "म्हणून आजपासूनच जातो. चौदा गावं हायेत. घरोघरी सांगतो, बैलाची गोष्ट, जळक्या भाजीची गोष्ट. जिथवर पाय चालतीन तिथवर." मग ते पुतण्याकडे वळले. "रोशन, तू काऊन हसला?"

रोशन उभा राहिला. शाळेत राहावं तसा. "मले नाई माईत मोठेबाबा. सगळेच हसतेत."

"पत्रूभाऊजवळ बस. मी पाणी पिऊन येतो, तोवर बैलाची गोष्ट पाठ कर."

पत्रूनं सरकून जागा केली.

दिनेश करिश्माजवळ गेला. बाळ जागं होतं. त्यानं ते उचलून घेतलं, आईकडे पाहिलं. सुकरीनं काही सुचवलं नाही, ती फक्त पुढे येऊन उभी राहिली. दिनेश बाळाच्या कानाशी वाकला, पण कानात बोलला नाही. तो सरळ झाला आणि अंगणाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, हजेरीत घेतात तसं पूर्ण नाव त्यानं घेतलं.

"कोलू दिनेश उसेंडी."

मग एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत तो थांबून राहिला, कोण हसतं ते बघत. कुणी हसलं नाही.