सकाळीच दमणारी मोटर

टेम्पोतून मोटर उतरवून घेताना नागम्माने पहिला प्रश्न विचारला, तो बिघाडाविषयी नव्हता.

"मामा, हिला गोधडीत का गुंडाळलंय?"

"वाटंत लई गारठा हुता की," धोंडीराम म्हणाले.

नागम्माच्या शुक्रवार पेठेतल्या अरुंद दुकानात फवारणीचे पंप आणि जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर दुरुस्तीला येत. होडीची मोटर मात्र पहिल्यांदाच आली होती. धोंडीराम मंद्रूपच्या पुढे भीमेच्या काठी राहत. पलीकडे कामाला जाणाऱ्या आठ-नऊ माणसांना ते रोज सकाळी नदीपार नेत आणि संध्याकाळी परत आणीत. पुलावरून जायचे म्हटले तर तीस किलोमीटरचा वळसा पडे. पूर्वी बारा मिनिटांत पार होणारी नदी दिवाळीपासून पंचवीस मिनिटे घेऊ लागली होती. पलीकडच्या शाळेतल्या वैजयंतीबाईंना चार वेळा उशिराचा शेरा मिळाला होता. अखेर धोंडीरामांच्या मुलाने, कुंभारीत राहणाऱ्या शिवराजने, सोमवारची मुदत घातली. सोमवारी तो स्वतः होडीत बसून वेळ मोजणार होता. मोटर सुधारलेली नसली, तर होडी बंद करून आईवडिलांना कायमचे कुंभारीला नेणार होता. कुंभारीच्या घरात टीव्ही होता, कूलर होता, नातवंडे होती. नदी नव्हती.

नागम्माने प्लग काढून पाहिले. कार्बोरेटर धुतला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली, पंख्याची पाती बोटांनी चाचपली. मग मोटर पाण्याने भरलेल्या पिंपावर टांगून दोरी ओढली. दुसऱ्याच झटक्याला ती अशी कडाडली की समोरच्या दुकानातला शिंपी उठून बाहेर आला.

"ही तर ठणठणीत हाय."

"परक्यापुढं अशीच गुणाची वागती," धोंडीराम कडवटपणे म्हणाले. "वय झालं तिचं. सकाळी दमती बिचारी."

"आन सांच्याला?"

"सांच्याला परत येताना घोडीवानी पळती."

नागम्मा हात पुसता पुसता थांबली. "मग हे म्हातारपण न्हवं, मामा. म्हातारपण सांच्यालाबी असतंय."

"सकाळी पाणी गार असतंय, त्यानं जड हुतंय."

"तसं असतं तर पिंपातलं पाणी काय चुलीवर तापवलं हुतं मी?" ती म्हणाली. "नदीवर येऊन बघाय पायजे. जिथं दुखतंय तिथंच बघावं लागंल."

शनिवारी सकाळची शाळा होती, म्हणून होडी लवकर सुटायची होती. नागम्मा जन्मात प्रथमच होडीत बसत होती. पुढच्या फळीवर दोन्ही हातांनी काठ पकडून ती बसली. बाकीचे सगळे तिच्या अंगावरून पाय टाकीत मागे, धोंडीरामांभोवती दाटीने बसले. पाहुणीला मोकळी जागा दिली असावी, असे तिला वाटले.

मोटर सुरू झाली आणि होडीचे पुढचे टोक वर उचलले गेले. नागम्माला समोर नदीऐवजी आभाळ दिसू लागले. मागचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर होता. मोटर कण्हत होती, आणि तिच्या आवाजावर ताण करीत धोंडीराम सांगत होते, "तर वऱ्हाडाच्या गाड्या वढ्यापाशी आल्या, आन बैलं काय हलंनात..."

ती त्यांच्या लग्नाची गोष्ट होती. दिवाळीपासून ते ती रोज थोडी थोडी सांगत. मोटर जितकी कण्हे, तितके ऐकणारे पुढे वाकून त्यांच्याजवळ सरकत. ते जितके सरकत, तितकी होडी मागे दबे आणि मोटर आणखी कण्हे. नागम्माने हे बराच वेळ पाहिले.

"मामा, जरा गप बसता का? आन तुमी चौघं हिकडं पुढं या."

शेतमजूर बिभीषण नाखुशीने उठला. "बैलं हलली का न्हाय, येवढं कळू द्या की अक्का."

"हलतील. या."

चौघे पुढे येताच टोक खाली आले. मोटरीचे कण्हणे थांबले, आवाज मोकळा झाला आणि होडी सरळ पाणी कापीत निघाली. वैजयंतीबाई घड्याळाकडे आणि मग धोंडीरामांकडे पाहू लागल्या.

"संध्याकाळी मंद्रूपचा टेम्पो गाठायचा असतो," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही सगळे उतरायच्या घाईने पुढेच बसतो."

"तेच की," नागम्मा म्हणाली. "मोटरीला कायबी झालं न्हाय. समदी माणसं तुमच्या तोंडापाशी, मामा. मग मोटरीनं होडी ढकलायची का समद्यास्नी उरावर वागवायचं?"

धोंडीरामांनी पेट्रोलवर संशय घेतला होता, थंडीवर घेतला होता, नदीवरसुद्धा घेतला होता. स्वतःचे तोंड त्यांच्या यादीत नव्हते. परतताना होडीत नागम्मा आणि ते दोघेच होते. काठावर त्यांची बायको बजाबाई उभी होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"चार म्हैनं झालं, अजून माज्या डोक्यावर अक्षता पडल्या न्हाईत," ती नागम्माला म्हणाली. "आन बैलं-बिलं कायबी अडली नव्हती. आमी यष्टीनं आलतो."

"मग काय मुका बसू?" धोंडीराम म्हणाले.

"नदीत असंस्तवर बसा," नागम्मा म्हणाली.

"त्यापरीस मोटर खराब निघाली असती तर बरं झालं असतं," धोंडीराम पुटपुटले.

सोमवारी शिवराज मोबाइलवर वेळ लावून मधल्या फळीवर बसला. निम्मी माणसे पुढे, निम्मी मागे होती. धोंडीरामांनी ओठ घट्ट मिटले होते. बिभीषण सवयीने दोनदा मागे सरकला. दोन्ही वेळा त्यांनी नुसते बोट उचलून त्याला जागेवर बसवले. नदी नेहमीपेक्षा रुंद वाटत होती. पलीकडच्या चिखलात होडी टेकली तेव्हा शिवराजने मोबाइल पाहिला.

"साडेअकरा मिनटं."

कोणी उतरले नाही. वैजयंतीबाईंनी पर्स मांडीवर नीट ठेवली. "शाळेला अजून वीस मिनिटे आहेत, मामा. ओढ्यापाशी होतो आपण."

धोंडीरामांनी मुलाकडे पाहिले. शिवराज मोबाइल खिशात ठेवीत होता.

"सांगा की आबा. तुमचं लगीन झालं हुतं का न्हाय, ते मलाबी कळू द्या."

"आन मोटर?"

"ऱ्हाऊ द्या मोटर. तुमीबी ऱ्हावा हितंच."

धोंडीरामांनी मोटर बंद करून पाण्याबाहेर उचलली आणि वळून बसले. आता ओरडायची गरज नव्हती, तरी पुढची माणसे उठून मागे आली. शिवराजही आला. होडीचे मागचे टोक दबले. या वेळी पुढे सरकायला कोणी सांगितले नाही.