हास्यवायू आणि मूठभर काळ्या गोळ्या

मी एक जुना उत्प्रेरक आहे. दिसायला म्हणाल तर मिऱ्यांसारख्या मूठभर काळ्या गोळ्या. सध्या मुक्काम येडगावला, पारूबाईंच्या घरी, फळीवरच्या काचेच्या बरणीत. मित्रांनो, उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा, पण स्वतः खर्च न होणारा, असं तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. खर्च न होणं नेहमी सुखाचं असतंच असं मात्र नाही.

माझा जन्म पुण्याचा. पारूबाईंची मुलगी यशोधरा तिथे रसायनशास्त्रात संशोधन करत होती. कोबाल्ट आणि सेरियम या धातूंचे क्षार तिने पाण्यात विरघळवले, वरून धुण्याच्या सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडलं, खाली बसलेला साका धुऊन वाळवला आणि भट्टीत भाजला. त्या धातूंची ऑक्साइडं झाली. त्यांच्या गोळ्या पाडल्या, तोच मी.

हा खटाटोप तिने आपल्या वहिनीसाठी केला होता. वहिनी कल्याणी जुन्नरच्या एका लहान दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीत सिस्टर होती. भूल देताना तिथे नायट्रस ऑक्साइड वापरत. त्यालाच हास्यवायू म्हणतात. पेशंटच्या उच्छ्वासातून बाहेर पडलेला वायू बंद खोलीत कोंडून राही. त्याला रंग नाही, वासही जेमतेम. कल्याणीचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. ते या वायूमुळेच गेलं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं, पण रोज त्यात वावरणाऱ्या बायकांना तसा धोका असू शकतो, हे यशोधराच्या वाचनात आलं होतं. खोली इमारतीच्या पोटात. पाइप वर गच्चीपर्यंत न्यायचा, तर इमारतीचे मालक संपतराव भोक पाडू देत नव्हते.

“वायू बाहेर काढता येत नसेल, तर इथंच मोडू या,” यशोधरा डॉक्टरांना म्हणाली.

मग मला स्टीलच्या नळीत भरलं, ती पेशंटचा उच्छ्वास बाहेर सोडणाऱ्या पाइपला जोडली आणि नळीभोवती विजेची कॉइल गुंडाळली. कॉइलने मी कडक तापलो की येणारा हास्यवायू माझ्या अंगावर फुटे आणि त्याचे साधे नायट्रोजन आणि ऑक्सिजन होऊन जात. हवेत असतात तेच. त्यांच्यापासून कुणाला अपाय नाही.

पहिल्या दिवशी कल्याणी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, “आता तुज्यावर भिस्त हाय बरं का.” डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवत. मित्रांनो, त्या दिवसांत मला फार अभिमान वाटे. कल्याणीला पुन्हा दिवस गेले, तेव्हा तर मी स्वतःला घरातलाच समजू लागलो.

पण दोन हजार साल उलटलं आणि लोडशेडिंग वाढत गेलं. लाइट गेली की जनरेटर सुरू होई. त्यावर दिवा चाले, पेशंटची मशीन चालत. माझी कॉइल लावली की तो धापा टाकून बंद पडे. म्हणून मला बंद ठेवू लागले. थंड पडलेला मी म्हणजे नुसते खडे. वायू माझ्यामधून जसा आला तसा निघून जाई आणि मला त्याचं काहीच करता येत नसे.

एकदा पेठ गावाजवळ अपघात झालेल्या एका माणसाला आणलं. पोटात रक्तस्राव होत होता. ऑपरेशन सुरू झालं आणि लाइट गेली.

“सिस्टर, कॉइल बंद आहे. तुम्ही बाहेर जा,” डॉक्टर म्हणाले.

“दुसरं कोण हाय इथं?” कल्याणीने विचारलं. “मानूस टेबलावर सोडून मी कुठं जाऊ?”

ती हलली नाही. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. त्या माणसाचा प्रत्येक श्वास माझ्यातून जाऊन तिच्याकडे जात होता. अडवायला मला हात नव्हते, सांगायला तोंड नव्हतं. तो माणूस वाचला. पुढेही कितीदा तरी असंच झालं.

पावसाळा सरता सरता कल्याणीचं दुसरं बाळही गेलं. आताही कारण कुणाला ठामपणे सांगता आलं नाही.

यशोधरा पुण्याहून आली आणि वहिनीच्या पायाशी बसून राहिली. “मी केलेलं पुरं पडलं नाही, वहिनी.”

“तुमी जेवडं व्हतं तेवडं केलं, ताई,” कल्याणी म्हणाली. “म्या तोंड उघडाया पायजे व्हतं.”

बरी होऊन ती कामावर गेली, ती थेट डॉक्टरांसमोर उभी राहिली. “पाइप गच्चीवर गेल्याबिगर मी आत उभी ऱ्हानार न्हाई. आन दुसऱ्या कुनाच्या पोरीला बी उभी ऱ्हाऊ देनार न्हाई.”

संध्याकाळी डॉक्टर स्वतः संपतरावांकडे गेले. झालेलं सगळं ऐकून संपतरावांनी खाली मान घातली आणि गवंडी बोलावला. लवकरच भोक पडलं, पाइप लागला, आणि मला नळीतून काढून, बरणीत भरून येडगावला आणलं.

खोली आता मोकळी आहे, याचं मला समाधान आहे. पण वायू मोडला जात नाही, नुसता वर जातो. तिथे तो माणसाच्या आयुष्याहून जास्त काळ टिकतो आणि पृथ्वीची ऊब वाढवत राहतो. मी अजून खर्च झालेलो नाही. मला तापवलं तर आजही काम करीन. पण तापवणार कोण?

मित्रांनो, जे दिसत नाही ते नाहीच, असं समजू नका. आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाच्या श्वासात काय जातं, ते वेळेवर विचारा. आणि जिथे कुणीतरी ‘नाही’ म्हणायला हवं, तिथे ते काम मूठभर गोळ्यांवर सोपवू नका. आम्हाला बोलता येत नाही.